अफवेचा वक्ता : समाजमाध्यमांचे नियमन आणि अर्थनिर्णयाचा अधिकार

१

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच जणांची हत्या केली. मारले गेलेले पाचही जण भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरले होते आणि बाजाराच्या दिवशी गावात आलेली ही अनोळखी माणसे म्हणजेच ती टोळी, असा निष्कर्ष जमावाने काढला. या घटनेनंतर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा केवळ उच्चार करून समाजमाध्यमांच्या नियमनाचा प्रश्न निकालात काढता येत नाही. मात्र नियमन आवश्यक आहे असे म्हटल्यानेही तो सुटत नाही. संज्ञापनव्यवहाराच्या कोणत्या घटकाचे नियमन शासनाने करावे, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

या व्यवहाराचे तीन घटक येथे विचारात घ्यावे लागतात : अर्थ, वक्ता आणि प्रसार. गेल्या काही वर्षांत भारतात या तिन्हींचे नियमन करण्याचे प्रयत्न झाले. त्यांपैकी पहिल्या दोन प्रयत्नांमागे भाषाव्यवहाराची अपुरी समज आहे. तिसरा मार्ग काही अटींवर समर्थनीय ठरतो.

२

केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे, हे सरकारनेच नेमलेल्या तथ्य-पडताळणी कक्षाने ठरवावयाचे होते. असा मजकूर कायम ठेवणाऱ्या माध्यमापुढे, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ७९ चे संरक्षण गमावण्याचा धोका उभा राहणार होता.

ही तीन विशेषणे एकाच पातळीवरची नाहीत. 'बनावट' हे विशेषण वस्तूच्या अस्सलपणाशी निगडित आहे. छायाचित्र मूळचे आहे की जोडकामाचे, हे तपासता येते. 'खोटा' हे विशेषण विधान आणि वस्तुस्थिती यांच्या संबंधाविषयी आहे. 'दिशाभूल करणारा' हे विशेषण मात्र ऐकणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामाविषयी बोलते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिली दोन विशेषणे वाच्यार्थाच्या आसपास राहतात, तिसरे मात्र व्यंग्यार्थाच्या प्रदेशात शिरते.

या प्रदेशातील अडचण आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त उदाहृत केलेल्या, 'गाथासप्तशती'तील एका महाराष्ट्री प्राकृत गाथेवरून स्पष्ट होते. एक स्त्री एका धार्मिक पुरुषाला सांगते की, त्याने आता निर्धास्त हिंडावे, कारण त्याला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ अनुमतीचा आहे, व्यंग्यार्थ निषेधाचा. ती झाडी तिचे संकेतस्थळ आहे आणि सिंहाची वार्ता त्या पुरुषाला तेथून दूर ठेवण्यासाठी आहे. हे विधान खोटे म्हणावे की दिशाभूल करणारे? की त्या स्त्रीच्या परिस्थितीतील आत्मरक्षण? हा अर्थ व्यंजनेने कळतो की अनुमानाने, यावर महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त आनंदवर्धनाशी वाद घातला. मात्र वक्ता कोण, श्रोता कोण आणि प्रसंग कोणता हे जाणल्यावाचून तो कळत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. शब्दांकडे पाहून 'दिशाभूल' हा शिक्का मारणाऱ्या कक्षाला नेमके हेच ज्ञान उपलब्ध नसते.

या नियमाला आव्हान देणाऱ्यांत विनोदकार कुणाल कामरा होते, ही बाब म्हणूनच लक्षणीय आहे. उपहास अतथ्य बोलतो, परंतु ते अतथ्य म्हणून ओळखले जावे या अपेक्षेने. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात ३१ जानेवारी २०२४ रोजी मतभेद झाला. न्या. गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य मानला. न्या. नीला गोखले यांच्या मते नियमाचा रोख जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्या माहितीवर होता, उपहास वा टीका यांवर नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकर यांनी तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि नियम रद्द झाला.

न्या. गोखले यांच्या भूमिकेतील भेद तात्त्विकदृष्ट्या रास्त आहे. प्रश्न एवढाच की, हेतू हाही संहितेतूनच वाचावा लागतो आणि हे वाचन ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याच्याकडेच सोपवलेले होते. कक्ष स्वायत्त असता तर पक्षपाताचा आक्षेप दूर झाला असता, परंतु तिसऱ्या विशेषणाची अडचण तशीच राहिली असती.

३

अर्थ हाती लागत नसेल तर वक्ता शोधावा, हा दुसरा मार्ग. २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर, गंभीर गुन्ह्यांच्या संदर्भात आणि सक्षम आदेशानंतर, संदेशाचा 'प्रथम प्रवर्तक' ओळखून देण्याचे बंधन घातले. मूळ प्रवर्तक भारताबाहेर असल्यास भारतातील पहिल्या व्यक्तीला प्रथम प्रवर्तक मानावे, असेही त्यात म्हटले आहे.

मिशेल फूको याने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात लेखक या संकल्पनेची चिकित्सा करताना असे दाखवले की, संहितांना लेखक लाभले ते लेखकाला शिक्षा होण्याची शक्यता निर्माण झाली तेव्हा. 'प्रथम प्रवर्तक' हे या प्रतिपादनाचे जणू प्रात्यक्षिकच होय. ज्याने संदेश रचला नाही, केवळ सीमेच्या आत प्रथम पाठवला, त्याला येथे कर्तृत्व बहाल केले जाते.

शिवाय अफवेच्या बाबतीत मूळ आणि अपराध एकत्र असतातच असे नाही. २०१८ मध्ये मुले पळवण्याच्या अफवेसोबत देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीतील होती. मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी ती तयार केली होती. तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कापला गेला आणि प्रबोधनाची संहिता भयाची संहिता झाली. येथे मूळ कर्ता निर्दोष आहे. दोष कापणाऱ्याचा आहे आणि पारख न करता पुढे पाठवणाऱ्या असंख्यांचा आहे. अशा संहितेचा एकच वक्ता शोधू पाहणारा कायदा तिचे स्वरूपच नाकारतो. त्यासाठी सर्वांच्या खासगी संभाषणाची गुप्तता पणास लावणे ही फार मोठी किंमत ठरते.

४

उरतो प्रसार. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेल्या संदेशासाठी ही मर्यादा एका ठिकाणावर आणली गेली. या उपायांनी कोणत्याही विधानाचा अर्थ ठरवला नाही. 'हे बोलणे पाठवणाऱ्याचे स्वतःचे नाही' एवढेच त्या खुणेने सांगितले. वक्त्याविना आलेल्या वाक्याची जाणीव श्रोत्याला करून देणे, हे अल्प असले तरी योग्य दिशेचे कार्य होय.

प्रसाराचे नियमनही निरुपद्रवी नसते. पुराची खरी सूचनाही त्याच मर्यादेत अडकते. इंटरनेट सेवा खंडित करणे हेही प्रसाराचेच नियमन. त्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते अनिश्चित काळासाठी असू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगावे लागले. शिवाय संदेशाची मर्यादा एका खासगी कंपनीने स्वतःच्या इच्छेने ठरवली. उद्या ती उठवूही शकते. शासनाचे कार्य येथे सुरू होते. प्रसाराचे नियम सर्व आशयांना सारखे लागू असावेत, ते प्रसिद्ध असावेत आणि न्यायालयात तपासता यावेत, ही बंधने शासनाने घालावीत. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या माध्यमांना आपल्या शिफारसप्रणालीचे मुख्य निकष उघड करावयास लावले, ते या दृष्टीने विचारार्ह आहे. शासनाने वाहिनीविषयी प्रश्न विचारावेत. वाक्याचा अर्थ सांगण्याचा हक्क मात्र स्वतःकडे घेऊ नये.

तरीही नियमनाकडून सर्व काही अपेक्षिणे चुकीचे ठरेल. मम्मटाने व्यंग्यार्थाच्या प्रतीतीला साहाय्य करणाऱ्या घटकांत वक्त्यासोबत श्रोत्याच्या वैशिष्ट्याचीही गणना केली आहे. राईनपाड्यात संदेशाने कोणाचेही नाव घेतले नव्हते. रिकामी जागा श्रोत्यांनी भरली आणि ती भरताना भटक्या माणसाविषयीचा जुना संशय त्यांच्याजवळ तयार होता. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेप सुनावली. ती शिक्षा कृत्याला होती. त्या संशयाचे वाचन आणि खंडन कोणत्याही कक्षाकडे सोपवता येण्याजोगे नाही. ते शाळेचे, वृत्तपत्राचे आणि समीक्षेचे काम आहे.