दूरचा डोंगर निळाच का?

मुलांच्या निसर्गचित्रांचा गठ्ठा समोर आला की वरची दहा चित्रे पाहिल्यावर उरलेली पाहिल्यासारखीच वाटतात. दोन-तीन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, नागमोडी नदी, काठाला झोपडी. त्यात एक सुधारणा मात्र दिसते. मागचे डोंगर फिकट आणि निळे असतात. अंतर दाखवण्याचा हा नियम मार्गदर्शक पुस्तिकांतून येतो आणि आपण शिक्षक तो फळ्यावर उतरवून देतो : जवळचे गडद, दूरचे फिकट निळे.

या नियमावर आमचा राग आहे, त्याला कारण आमचीच एक चूक. पुण्यातल्या सातवीच्या एका मुलाने पर्वतीवरून दिसणारा सिंहगड रंगवला होता. गड काळसर, कडा सुरीने कापल्यासारखी, वर दूरदर्शनचा मनोराही स्पष्ट. आम्ही शेरा मारला, ‘डोंगर पुढे आला आहे.’ मुलगा हळूच म्हणाला, ‘‘सर, पाऊस थांबला की तो असाच पुढे येतो.’’ पुढच्या सरीनंतर आम्ही पर्वती चढलो. सरळ रेषेत सुमारे १७ किलोमीटरवरचा गड खरोखरच पुढे आला होता!

असे का होते? डोंगर आणि डोळा यांच्यामधली हवा रिकामी नसते. तिच्यावरही ऊन पडते आणि तिचे रेणू ते इकडेतिकडे विखुरतात. यालाच आपण प्रकाशाचे विकिरण म्हणतो. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो. हा निळसर उजेड गडद डोंगरावर पडद्यासारखा पसरतो. पण धूळ, धूर, पाण्याचे थेंब हे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून मे महिन्यातला दूरचा डोंगर निळा नसतो, राखाडी-पांढुरका असतो. पावसाने धूळ खाली बसली की पडदा विरळ होतो आणि डोंगराचा स्वतःचा काळोख दिसू लागतो. म्हणजे पुस्तिकेतला निळा रंग ही हवेच्या अनेक स्थितींपैकी एक. शिवाय हा नियम गडद वस्तूंपुरताच आहे. क्षितिजाजवळच्या पांढऱ्या ढगाचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेत निळा भाग गमावतो, त्यामुळे तो ढग पिवळसर दिसतो. नियम पाळणारे मूल त्यालाही निळी छटा देते.

दुसरा आक्षेप पायऱ्यांवर. पुस्तिकांत पाच डोंगररांगा असतील तर एकेक रांग सारख्याच टप्प्याने फिकट होत जाते. लिओनार्दो दा विंचीनेही असेच काहीसे सांगून ठेवले आहे : इमारत पाचपट दूर दाखवायची तर ती पाचपट निळी करा. दूरच्या निळाईचे कारण मधली हवा आहे, हे त्याने बरोबर ओळखले होते, तेही रॅले याने १८७१ मध्ये विकिरणाचे गणित मांडण्याच्या साडेतीन शतके आधी. पण त्याचा हा हिशेब चुकतो. समजा, डोंगर आणि आकाश यांच्या उजेडातला फरक ५ किलोमीटरवर निम्मा उरतो. मग १० किलोमीटरवर तो पाव उरेल, १५ वर एक अष्टमांश. पहिल्या दोन रांगा एकमेकींपासून ठळक सुटतात, शेवटच्या दोन जवळजवळ मिसळून जातात. काळ्या कार्डशीटवर ट्रेसिंग पेपरचे पाच तुकडे पायरीपायरीने सरकवून ठेवा आणि खिडकीशी नेऊन पाहा. पहिल्या तुकड्याने काळा रंग एकदम उतरतो, पाचव्याने फारसे काही बदलत नाही. या प्रयोगाला दहा मिनिटे पुरतात आणि रंगाची एकही नळी लागत नाही.

नवशिक्याला काहीतरी आधार लागतो, हे आम्हालाही मान्य आहे. मग हवेवर अवलंबून नसलेला आधार आधी का देऊ नये? पीटर ब्रॉयगेलचे १५६५ मधले ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र पाहा (मूळ चित्र व्हिएन्नाला आहे, छापील प्रतही चालेल). डावीकडे शिकारी आणि कुत्री, उतारावरून खाली लहान लहान होत जाणारी झाडांची रांग, खूप खाली गोठलेल्या तळ्यावर मुंग्यांएवढी माणसे. थंडीच्या त्या हवेत मागचे कडेही धारदार आहेत. तरी नजर मैलभर जाते, कारण आकार घटत जातात आणि जवळचे झाड मागच्या दरीला झाकते. सारख्या उंचीचा खांब दुप्पट अंतरावर निम्मा दिसतो, मग वैशाख असो की श्रावण. आपल्या गठ्ठ्यातल्या चित्रांत नेमके हेच नसते. झोपडी नदीच्या अलीकडे असो वा पलीकडे, तिचा आकार तोच, आणि कोणतीच वस्तू कोणाला झाकत नाही. मागचा डोंगर कितीही निळा केला तरी अशा चित्रात अंतर येत नाही.

रंग मात्र बाहेर जाऊन पाहूनच द्यावा. त्या मुलाच्या चित्रावरचा शेरा आम्ही खोडला आणि खालच्या कोपऱ्यात त्याच्याकडूनच लिहून घेतले : ‘पाऊस थांबल्यावर, संध्याकाळी पाच.’ आता वर्गातली इतर मुलेही चित्राखाली वेळ आणि हवा लिहितात. एकाने लिहिले होते, ‘दुपारी बारा, डोंगर दिसत नव्हता.’ चित्रात त्याने तो काढला नव्हता.