वाडा, माळवद आणि घर नसलेला वारसा

मूळ गावी परतून वाडवडिलांच्या घराचा शोध घेणारी व्यक्ती हे आधुनिक मराठी साहित्यातील परिचित आशयसूत्र आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईहून परतणारा सुधीर हे त्याचे ठळक रूप होय. वैदर्भी देशपांड्यांचा तो वाडा ढासळतो आहे. परंतु ढासळण्यासाठी वाडा आधी उभा असावा लागतो. समीक्षेने ऱ्हासाच्या जाणिवेची चर्चा विपुल केली. या पूर्वअटीची चिकित्सा त्या मानाने कमीच झाली.

नांदेड-लातूरच्या परिसरात ही पूर्वअटच प्रश्नांकित होते. येथील जुने घर म्हणजे माळवद : दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. छत गळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यावर नवी माती पडत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात याच भिंती आणि याच भाराखाली माणसे गाडली गेली. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. ज्या निगराणीने घर टिकले, तिनेच ते घातक केले. टिकलेले घर हे सातत्याचे निरपवाद चिन्ह आहे, हे गृहीतक येथे कोसळते. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या घरांचे क्षेत्रफळ मात्र जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट असे ठरले. वाडे पडले, त्यांमागील उतरंड आराखड्यात उतरली.

याच भूमीतून आलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन येथे निर्णायक ठरते. लातूर जिल्ह्यातील धनेगावात जन्मलेल्या या लेखकाच्या निवेदनाचा आरंभच गाव, घर, शेत, जन्मतारीख यांच्या अभावाच्या नोंदीने होतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या वंशजाने पूर्वजांचे घर कोठे शोधावे? त्याच्या वाट्याला वास्तू येत नाही. येते ती पोलिसांकडील हजेरी. भाषाही या भेदाची साक्ष देते. ‘वाडा’ हा शब्द एकटा आला की एका कुळाची वास्तू सुचवतो. ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ या समासांत तोच शब्द गावाने बाजूला ठेवलेल्या वस्तीचा वाचक होतो.

याचा अर्थ पडक्या गावठाणात आपली ढाळज शोधणाऱ्याचा शोक खोटा, असा नव्हे. घराबरोबर माणसेही गेली असता त्या शोकाला केवळ वर्गीय स्मरणरंजन म्हणणे हे समीक्षेचे दारिद्र्य ठरेल. आक्षेप आहे तो या एका शोकाला समग्र ग्रामीण स्मृतीचे प्रातिनिधित्व बहाल करण्याला. ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘उचल्या’ या संहिता ‘नाटक’ व ‘दलित-भटक्यांचे आत्मकथन’ अशा वेगळ्या कप्प्यांत वाचल्या जातात, तोवर हा प्रश्न उपस्थितच होत नाही. त्या शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते की घर गमावणे आणि घर कधी नसणे हे दोन भिन्न अनुभव आहेत. दुसऱ्या अनुभवाला पहिल्याची परिभाषा पुरत नाही, हे मान्य करूनच मराठवाड्यातील साहित्याचा विचार पुढे जाऊ शकेल.