प्रारंभिक रोबोटिक्स संच : एक टीका

सीमूर पेपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या ग्रंथात मुलाने संगणकाला शिकवावे, असा आग्रह धरला. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांपर्यंत असे साहित्य पोहोचविले. मात्र अनेक प्रारंभिक संचांची पुस्तिका जोडणी आणि आज्ञावली दोन्ही तयारच देते. काळ्या रेषेवरील गाडी वळणावर का भरकटते, हा शोध त्यामुळे विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. वस्तुतः आज्ञावलीलेखनाचा गाभा तोच होय. (किमतीचा मुद्दा त्यापुढे गौण.) हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजीत आडवा धागा तुटताच यंत्रमाग थांबतो. ‘जर–तर’ अटीचे हे उदाहरण दाराशी असताना पाठ लुकलुकणाऱ्या दिव्यापासूनच सुरू व्हावा, हे अनाकलनीय आहे. धागा तुटूनही माग थांबला नाही, तर कारागीर तो उघडून पाहतो. पुस्तिकेबरहुकूम चालणाऱ्या विद्यार्थ्यावर तशी वेळच येत नाही.