मात्रा, विराम आणि ‘साहित्य’ : तंजावरच्या मराठी निरूपणांचे टॅबलेटवरील स्वरलेखन

१

तंजावरच्या भोसले दरबारात निर्माण झालेल्या मराठी गेय वाङ्मयाविषयी जे लेखन आपल्याकडे झाले आहे, त्यात एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली दिसते. हे वाङ्मय म्हणजे शब्दसंहिता आणि तिला जोडलेले संगीत म्हणजे बाहेरून चढवलेला अलंकार, असे ते गृहीतक आहे. शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या नाटकाचा विचार मराठी नाटकाच्या आरंभकाळाच्या संदर्भात होतो. सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) ‘देवेंद्रकुरवंजी’चा विचार तिच्यातील भूगोलवर्णनामुळे होतो. रागतालांचा उल्लेख येतो तो प्रस्तावनेतील एखाद्या वाक्यापुरता. परिणामी, जी रचना गाण्यासाठी आणि नाचण्यासाठी झाली तिचे मूल्यमापन मुकाट्याने वाचण्याच्या कवितेचे निकष लावून केले जाते आणि तीत ‘काव्यगुण बेताचा’ असा निर्णय सहज दिला जातो.

आता याच्या नेमकी उलट परिस्थिती निर्माण होऊ पाहत आहे. स्वरलेखनाच्या संगणकप्रणाली टॅबलेटवर आल्या आहेत. लेखणीने काढलेली पाश्चात्य स्वरचिन्हे ओळखून त्यांचे छापील रूप करणारी ‘स्टाफपॅड’ ही प्रणाली २०१५ मध्ये आली; ‘सिबेलियस’ आणि ‘डोरिको’ या दोन मान्यवर प्रणाली २०२१ मध्ये आयपॅडवर उपलब्ध झाल्या. ग्रंथालयातील संहितेसमोर बसून तिची स्वरलिपी तयार करणे आणि ती तत्काळ ऐकणे हे आता एका अभ्यासकाच्या आवाक्यातले काम आहे. संगीताविना वाचल्या गेलेल्या संहितांना संगीत परत मिळेल, ही आशा अशा वेळी स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की जे परत मिळेल ते त्या संहितेचे असेल की साधनाचे?

स्वरलेखन ही नक्कल नव्हे. ती अनुवादाच्या जातीची कृती आहे, आणि म्हणून अनुवादकावर असते तशी जबाबदारी स्वरलेखकावरही येते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यासाठी ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही सरफोजीराजांच्या नावावर असलेली, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेली निरूपणांची संहिता विचारार्थ घेतली आहे.

२

या संहितेचे शीर्षकच तौलनिक अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे. ‘कोर्वे’ हा तमिळ ‘कोर्वै’चा मराठी अवतार, ओवणे, गुंफणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. ‘जिन्नस’ अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत स्थिरावलेला. मधला ‘साहित्य’ संस्कृत, पण तो आजच्या मराठी अर्थाने येथे आलेला नाही. दक्षिणेच्या संगीतपरिभाषेत रचनेचे दोन घटक मानतात : धातू म्हणजे स्वरबंध आणि मातू, ज्याला साहित्य असेही म्हणतात, म्हणजे त्या स्वरबंधात बसवलेले शब्द. तेव्हा शीर्षकाचा सरळ अर्थ ‘गुंफणीतील शब्दभागाच्या बाबी’ असा होतो. आपण अर्धेच सांगत आहोत, हे संहिता आपल्या नावातच नोंदवते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराने ‘साहित्य’ हा शब्द आपल्या ओळखीच्या अर्थाने वाचला आणि अर्ध्याला पूर्ण मानले, असे म्हणता येईल.

निरूपणाची बांधणी पाहिली म्हणजे या गैरसमजाची किंमत ध्यानात येते. एका निरूपणात अठरा जिन्नस असतात. जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना अशा क्रमाने जात ते मंगलापाशी येऊन थांबते. त्यांतील काही भाग कथा सांगतात, काही केवळ पदन्यासाचे बोल आहेत. वाचकाला ही रचना तुटक वाटते; कथा पुढे सरकते न सरकते तोच निरर्थक अक्षरांची ओळ आडवी येते. परंतु हे अठराही जिन्नस एकाच रागात आणि एकाच तालात बांधलेले असतात. गुंफण आहे, ती शब्दांत नाही. शब्द जेथे तुटतात तेथे राग आणि ताल त्यांना धरून ठेवतात. कथाकाव्याच्या एकात्मतेचा निकष येथे लावणे म्हणजे माळेतील मणी मोजून दोरा नाही असे म्हणण्यासारखे आहे.

आणखी एक बाब. तंजावरच्या चार बंधूंनी, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु यांनी, एकोणिसाव्या शतकात नृत्यप्रयोगाचा जो क्रम रूढ केला त्यात अलारिप्पु, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना ही नावे आहेत; भरतनाट्यमच्या मंचावर ती आजही ऐकू येतात. निरूपणातील जिन्नसांशी त्यांचे नाते उघड आहे. मात्र एका रागतालात अखंड उभे राहणारे मराठी निरूपण नेहमीच्या प्रयोगात नाही. म्हणजे भागांची नावे जिवंत राहिली आणि समग्राची गायनपरंपरा क्षीण झाली. स्वरलेखनाचा प्रश्न येथे केवळ तांत्रिक राहत नाही तो याच कारणाने. परंपरा भक्कम असेल तेथे लिपी चुकली तरी गुरू दुरुस्त करतो. येथे लिपीच गुरूच्या जागी बसण्याची शक्यता आहे.

३

तंजावरला स्वरलेखन नवे नाही. सतराव्या शतकातील वेंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ने गीत, ठाय, आलाप आणि प्रबंध या चार दंडींचे शास्त्र मांडले, आणि त्या दंडींची स्वराक्षरांत उतरवलेली उदाहरणे सरस्वती महालातील हस्तलिखितांत सापडतात. या लेखनात स्वराक्षरे मुख्य. गमक कसे घ्यावे हे गुरुमुखावर सोडलेले. ज्याला ते ठाऊक आहे त्याच्यासाठीच ते पान होते. सरफोजीराजांच्या काळात दरबारात पाश्चात्य वाद्यवृंद होता, वराहप्पय्यांसारखा दरबारी माणूस व्हायोलिन वाजवीत होता, आणि पाच रेषांची युरोपीय लिपी राजवाड्यात पोहोचली होती. तंजावरच्या चार बंधूंचे गुरू मुत्तुस्वामी दीक्षित यांनी पाश्चात्य चालींवर संस्कृत शब्द बसवले, त्या रचनांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. ‘नोट्टु’ म्हणजे इंग्रजी ‘नोट’च. एका संगीताचे दुसऱ्या संगीताच्या लिपीत जाणे-येणे या भूमीला दोनशे वर्षांपूर्वीच परिचित झाले होते.

याच्या पुढचे दोन प्रयत्न आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत. चिन्नस्वामी मुदलियार यांनी १८९२ पासून ‘ओरिएंटल म्युझिक इन युरोपियन नोटेशन’ या शीर्षकाखाली कर्नाटक रचना पाच रेषांवर मांडल्या. त्यांच्याच आग्रहातून सुब्बराम दीक्षितांचा ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ सिद्ध होऊन १९०४ मध्ये एट्टयपुरम येथे छापला गेला. या ग्रंथात कंपित, स्फुरित, प्रत्याहत, नोक्कु, रवै, जारु अशा गमकांना स्वतंत्र खुणा दिल्या आहेत आणि त्या स्वराक्षराच्या डोक्यावर येतात. या दोन पद्धतींमधील अंतर अनुवादविचाराच्या भाषेत सांगता येते. पाच रेषांवर गमक लिहायचे तर एका स्वराचे अनेक छोटे स्वर करावे लागतात. म्हणजे गमक उलगडून सांगितले जाते, पण तो मुळात एकच स्वर होता ही जाणीव हरवते. दीक्षितांची खूण एक स्वर एकच ठेवते आणि त्याचे चलन नावाने सुचवते. पण ती खूण ज्याला अवगत नाही त्याला ती मुकी राहते. पहिली पद्धत परक्या वाचकाकडे झुकते, दुसरी मूळ भाषेकडे.

त्याच १९०४ साली विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या प्रवासात एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. पुढे मराठी वाचकांसाठी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त त्यांनी जी लिपी रूढ केली, तिच्यातील एक साधी युक्ती येथे उपयोगी आहे. अक्षर लांबवायचे असेल तेथे शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ) येतो. दक्षिणेच्या छापील लिपीत हेच काम स्वल्पविराम आणि अर्धविराम करतात. दोन्हीकडे ही चिन्हे ‘स्वर चालू आहे’ असे सांगतात. ‘थांब’ असे सांगत नाहीत.

४

आता टॅबलेटच्या पडद्याकडे यावे. पाच रेषांच्या बहुतेक प्रणालींत नवा मात्राखंड उघडला की तो आधीच विरामचिन्हाने भरलेला असतो. तालाच्या मात्रा पूर्ण झाल्याच पाहिजेत, हा तिच्या व्याकरणाचा नियम आहे. जेथे आपण स्वर लिहीत नाही तेथे प्रणाली विराम लिहिते. तो डोळ्यांआड करता येतो, पण त्याने त्या जागेचा अर्थ बदलत नाही. ध्वनी ऐकवताना तेथे शांतताच ऐकू येते.

निरूपणाच्या संहितेतील रिकाम्या जागा मात्र तीन प्रकारच्या असू शकतात. काही ठिकाणी गायकाने खरोखर थांबावयाचे असते. काही ठिकाणी गायकाला ठाऊक आहे म्हणून लेखकाने लिहिलेले नसते. आणि काही ठिकाणी लेखकाला ठाऊक होते, त्या वेळच्या गायकाला ठाऊक होते, पण आपल्यापर्यंत ते आलेले नाही. मौन, अध्याहार आणि लोप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठचिकित्सेची सारी शिस्त त्यांना वेगळे ठेवण्यासाठी उभी आहे. प्रणालीपाशी तिन्हींसाठी एकच चिन्ह आहे, आणि ते मौनाचे आहे. जो अभ्यासक हे टाळू पाहतो त्याला दुसरा मार्ग उरतो : रिकामी जागा स्वतःच्या अंदाजाने भरणे. मग ते अंदाजाचे स्वर मूळ स्वरांच्याच आकारात, त्याच काळ्या शाईत पडद्यावर उभे राहतात.

शब्दांच्या बाजूने पाहिले तर अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘शरणु’ या जिन्नसाचे नावच घ्यावे. अंत्य उकार हा दक्षिणी भाषांचा संस्कार. आजच्या प्रमाण मराठीच्या सवयीने संपादकाने ‘शरण’ केले तर अर्थ बदलत नाही. पण बोलताना मराठी माणूस ‘ण’मधील अकार गिळतो, आणि तीन अक्षरांच्या जागी दोनच उच्चार उरतात. गाताना तो अकार परत येतो. प्रणालीला मात्र प्रत्येक स्वराखाली कोणते अक्षर हे आधी सांगावे लागते : श-र-ण की श-रण? येथे संपादकाला छंद, उच्चार आणि ताल यांविषयी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय म्हणून कोठेच नोंदला जात नाही. ‘लक्ष्मी’ या शब्दात ल आणि क्ष्मी असे लेखनाचे तुकडे पडतात. आवाज मात्र ‘क्’ पहिल्या स्वरावर मिटतो, आणि छंदशास्त्र त्या ‘ल’ला गुरू मानते. पडद्यावर तो एकाकी, लघू दिसतो. लिपी, छंद आणि कंठ यांची तीन वेगळी विभाजने येथे एकाच रेघेवर आणली जातात.

तिसरी गोष्ट श्रवणाची. लिहिलेले लगेच ऐकू येते, ही या साधनाची मोठी मोहिनी आहे. पण जे ऐकू येते ते सप्तकाचे बारा समान भाग करून बेतलेले असते. गमकाची खूण काढली तरी तो स्वर आपल्या जागी ताठ उभा राहतो. ऐकू आले म्हणून ते प्रमाण, अशी समजूत येथे नकळत रुजते. मुदलियारांच्या पानासमोर बसलेल्या वाचकाला निदान आपण काहीतरी कल्पित आहोत याची जाणीव होती.

५

यावर एक आक्षेप संभवतो : मग या संहिता स्वरलिपीत आणूच नयेत, गुरुमुखाची विद्या गुरुमुखीच राहू द्यावी. हा आक्षेप परंपरेच्या आदरातून येत असला तरी या संहितांच्या बाबतीत तो त्यांना पुन्हा मुक्या कवितेच्या कोठडीत पाठवतो. शिवाय टॅबलेटने दिलेली एक सोय अवहेरण्यासारखी नाही. एकाच स्वरओळीखाली शब्दांच्या अनेक ओळी मांडता येतात. देवनागरीखाली तमिळ, त्याखाली रोमन, अशी मांडणी छापखान्यात खर्चिक आणि चुकांना वाव देणारी असे. निरूपणांचे आजचे संभाव्य गायक आणि नर्तक बहुतांशी तमिळ वाचणारे आहेत. मराठी शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची ही वाट खरी आहे. ज्या संहितेच्या शीर्षकातच तीन भाषाकुळे एकत्र नांदतात, तिला हे पान परके नाही.

तेव्हा मार्ग त्यागाचा नाही, संपादनशिस्तीचा आहे. संहितेत नसलेला प्रत्येक स्वर लहान आकारात किंवा कंसात असावा. ही सोय बहुतेक प्रणालींत आहे. मौन, अध्याहार आणि लोप यांसाठी तीन वेगळ्या खुणा ठरवून त्या प्रारंभीच सांगाव्यात. शब्दांची पहिली ओळ मूळ लेखनाप्रमाणेच ठेवावी. उच्चाराप्रमाणे केलेली फोड दुसऱ्या ओळीत द्यावी. गमकांच्या खुणा दीक्षितांच्या ग्रंथातून घ्याव्यात. त्यांची उकल हवी तर स्वतंत्र ओळीत, भाष्य म्हणून. संगीतसंहितांच्या विद्वत्संपादनासाठी विकसित झालेल्या ‘म्युझिक एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या संकेतपद्धतीत लुप्त, अस्पष्ट आणि संपादकाने पुरवलेला मजकूर वेगळा नोंदवण्याची तरतूद आहे; म्हणजे गरज जगाला कळलेली आहे, ती टॅबलेटवरील नित्याच्या लेखनात उतरलेली नाही. आणि हे काम एकाच व्यापारी प्रणालीच्या फाइलीत बंद ठेवू नये. ‘फिनाले’ या जुन्या प्रणालीचा विकास २०२४ मध्ये तिच्या निर्मात्यांनी थांबवला, तेव्हा अनेक संगीतकारांना आपले लेखन अन्यत्र हलवणे भाग पडले. सरस्वती महालातील कागद त्याहून दीर्घायुषी ठरला आहे.

अशी आवृत्ती सिद्ध झाली तर तिचा लाभ मंचापुरता राहणार नाही. निरूपणातील तुटकपणा कोठे खरोखर रचनेचा दोष आहे आणि कोठे तो ताल भरून काढतो, हे समीक्षकाला प्रथमच पानावर बोट ठेवून दाखवता येईल. सरफोजीराजांच्या नावावरील या रचना श्रेष्ठ ठरतीलच असे नाही. काही जिन्नस स्वरांसह वाचूनही सामान्यच राहतील. परंतु त्यांच्याविषयीचा निर्णय त्यानंतर द्यावा लागेल, आणि मराठी वाङ्मयेतिहासात आजवर दिलेला निर्णय अर्ध्या संहितेवर दिलेला होता, हे मान्य करावे लागेल.