निसर्गवाद, ख्रिस्ती श्रद्धा आणि धम्म : केडगावच्या निमित्ताने

दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान आहे. शेजारच्या शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा त्याच मिशनने चालविली. या भागातील दलितांना ख्रिस्ती धर्म भेटला तो प्रथम शाळा, कसब आणि अन्न यांच्या रूपाने. म्हणूनच ‘ईश्वर नाही, सबब ख्रिस्ती मत खोटे’ एवढ्यावर आमच्यातील काही तरुण या प्रश्नाचा निकाल लावतात, तेव्हा तो आम्हांस अपुरा वाटतो. बौद्ध होणे म्हणजे केवळ नास्तिक होणे, ही समजूत त्यामागे आहे. तिची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

तुलनेसाठी एकाच काळातील दोन व्यक्ती घेऊ. गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) हे काटेकोर भाषेत अज्ञेयवादी. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर त्यांची बुद्धी पोसली होती. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’मधून त्यांनी रूढींचा दैवी आधार काढून घेतला आणि नीतीला ईश्वराची गरज नाही, असे प्रतिपादिले. ईश्वर गेला की नीती जाते, हा आक्षेप ख्रिस्ती प्रचारक वारंवार घेतात. आगरकरांचे निःस्वार्थ जीवन हेच त्याचे पुरेसे खंडन आहे.

तथापि निसर्गनियम काय घडते ते सांगतो. काय घडावे ते सांगत नाही. पाऊस न पडल्याने दुष्काळ पडतो, हे ज्ञान खरे आहे. परंतु दुष्काळात टाकून दिलेल्या मुलीला घरात घ्यावे, हे कर्तव्य त्या ज्ञानातून आपोआप निघत नाही. आगरकरांच्या ठायी करुणा होती. ती त्यांच्या सिद्धांताने दिली होती, असे म्हणता येत नाही. सत्कर्म व दुष्कर्म यांना फळच नाही, असे म्हणणाऱ्या अजित केशकंबलीचा उच्छेदवाद तथागतांनी नाकारला, तो याच कारणाने. अजितालाही ईश्वर मान्य नव्हता. म्हणून तो बौद्ध ठरत नाही.

आता रमाबाई (१८५८-१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शकांशी वाद घालीत राहिल्या. ब्राह्मण पुरोहिताचे जू टाकल्यावर दुसऱ्या पुरोहिताचे जू मानेवर घेण्यास त्यांनी नकार दिला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अन्नान्न झालेल्या मुली व स्त्रिया आणल्या. येथे ख्रिस्ती मताचे बळ दिसते. प्रेम ही तेथे स्वभावाची गोष्ट नसून कर्तव्य आहे, आणि कर्तव्य पार पाडण्यास संस्था आहे.

परंतु याच केडगावात १९०५ मध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली आणि मुली आपल्या पापांसाठी रडून प्रार्थना करू लागल्या. जिला दुष्काळाने आणि समाजाने नाडले, तिने स्वतःच्या पापासाठी का रडावे? परमपूज्य बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी नेमका हाच आक्षेप घेतला आहे. आपल्या अवनतीचे कारण समाजरचनेत नसून आपल्या पापात आहे, असे ज्याला शिकविले जाते, त्याची लढण्याची प्रेरणाच नष्ट होते. शिवाय सर्वशक्तिमान पिता प्रेमळ असेल, तर दुष्काळाचा जाब कोणाला विचारावा? कृपेची भाषा येथे निरुत्तर होते.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म व धम्म यांतील भेद स्पष्ट केला आहे. धर्मात नीती ही मागून जोडलेल्या डब्यासारखी असते. गरजेप्रमाणे जोडावी, गरजेप्रमाणे सोडावी. दौंड जंक्शनवरील वाचकांस हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही. धम्मात मात्र नीती हीच ईश्वराच्या जागी आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण मनुष्याच्या प्रयत्नाने दूर होते. कार्यकारणाचा नियम निसर्गवाद्याप्रमाणे आम्हांसही मान्य आहे. परंतु तृष्णा, द्वेष आणि अन्याय हीदेखील कारणेच आहेत, आणि ती दूर करणे हे आमचे काम आहे. मैत्री व करुणा ही त्या कामाची साधने होत.

सिद्धांताच्या कसोटीवर धम्म अधिक सुसंगत ठरतो, असा आमचा निर्णय आहे. पण हा विजय कागदावरचा राहू नये. आगरकरांच्या पश्चात विचार राहिला. रमाबाईंच्या पश्चात चुलीही पेटत राहिल्या. उद्या एखादी परित्यक्ता विहाराच्या दारी आली, तर तिला अनित्यतेवरील प्रवचन ऐकवून आम्ही परत पाठविणार काय? संघ हे तिसरे शरण आहे. तिला निवारा, अन्न आणि शिक्षण देणारा संघ आम्ही उभा केला नाही, तर ती केडगावची वाट धरील; आणि तेव्हा तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस राहणार नाही.