सिंचनाचे कागद : बखर, अस्सल व महजर

प्रस्तुत परीक्षणाचा विषय त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. मोडी रुमाल उलगडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांच्यापुढें धरणांचीं अंदाजपत्रकें व लेखापरीक्षणाचे अहवाल कशास मांडावेत, असा प्रश्न सहज उद्भवतो. आमचें उत्तर असें कीं, हेंही दप्तरच आहे. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत वऱ्हाडचें प्रतिनिधित्व केलें आणि ‘तिलकयशोऽर्णव’ हें संस्कृत महाकाव्यही रचिलें. तेव्हां आमच्या जिल्ह्यांत तरी ग्रंथ आणि विधिमंडळ यांचें वैर नाहीं.

परीक्षणास घेतलेले कागद यवतमाळ जिल्ह्यांतील दोन प्रकल्पांशीं निगडित आहेत. बाभुळगांव तालुक्यांतील खडक सावंगा येथील बेंबळा प्रकल्पाची मूळ किंमत १९९२ सालीं सुमारें १९० कोटि रुपये होती. २००९ सालीं ती सुमारें २,१७६ कोटींवर गेली. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ सालीं स्थापन झालें. त्याच सालीं निम्न पैनगंगा प्रकल्पास १,४०२ कोटींची मान्यता मिळाली, आणि २००९ सालीं तीच १०,४२९ कोटींची झाली. त्या एका वर्षीं, अवघ्या सात महिन्यांत, महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यांत आली.

किंमत वाढली म्हणजे चोरी झाली, असा निष्कर्ष काढणें संशोधकास शोभणार नाहीं. भूसंपादन, दरसूचींतील वाढ, संकल्पचित्रांतील फेरफार, व्याप्तींत पडलेली भर, हीं कारणें खरींही असूं शकतात. परंतु कारणांस माप असतें. दरसाल दरशेंकडा दहा या चक्रवाढीनें हिशेब केला तरी १,४०२ कोटींचे बारा वर्षांत सुमारें ४,४०० कोटि होतात. उरलेल्या सहा हजार कोटींचा उलगडा केवळ महागाईनें होत नाहीं. मग एक तर मूळ अंदाजपत्रकच अपुरें होतें, किंवा मागाहून काम वाढविलें. पहिलें खरें असेल तर ज्या आंकड्याच्या भरंवशावर वर्षानुवर्षें विधिमंडळाकडे पैसा मागितला, तो आदिपाठच अशुद्ध ठरतो. दुसरें खरें असेल तर हा क्षेपक कोणी, केव्हां व कोणाच्या संमतीनें घातला, हें दाखविलें पाहिजे.

या प्रश्नांस उत्तर देण्यासाठीं तीन प्रकारचे कागद आपल्यापुढें आहेत. पहिला, नोव्हेंबर २०१२ मधील सिंचनाची श्वेतपत्रिका. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणींत दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचें प्रमाण ०.१ टक्क्यानेंच वाढल्याचें दिसून आलें होतें. श्वेतपत्रिकेनें ही वाढ ५.१७ टक्के असल्याचें सांगितलें. एकाच सरकारचे दोन कागद, दोन पाठ ! ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष भिजलेली जमीन’ हे शब्द समानार्थी नव्हेत, हें ज्यानें ध्यानांत ठेविलें नाहीं त्याची येथें दिशाभूल होते. शिवाय ही पत्रिका ज्या खात्यावर आक्षेप होते त्यानेंच सिद्ध केली. राजवाड्यांनीं बखरींपेक्षां अस्सल पत्रांस अधिक मान दिला तो याच कारणास्तव. श्वेतपत्रिका टाकाऊ नव्हे. पण ती बखर आहे, आणि बखरीप्रमाणेंच वाचली पाहिजे.

दुसरा कागद भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा. मराठेशाहींत महालाचे फडणीस, मजुमदार आदि दरकदार मामलेदारास काढतां येत नसत. ज्याची झाडती घ्यावयाची त्याच्या मर्जीवर झाडती घेणारा अवलंबून नसावा, हें त्यांतील तत्त्व. संविधानाच्या १४८ व्या अनुच्छेदानें महालेखापरीक्षकास तेंच अभय दिलें आहे. २०१४ सालीं विधिमंडळापुढें आलेल्या त्यांच्या सिंचनविषयक अहवालांत, जमीन ताब्यांत नसतां व वनखात्याची परवानगी हातीं नसतां कामें दिल्याचीं उदाहरणें नोंदलीं आहेत. या कागदाचें बळ तारखांत आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत अपहाराचे चाळीस प्रकार गणिले असून, आधींचें मागाहून व मागाहूनचें आधीं दाखविणें यांस अग्रस्थान दिलें आहे, हें येथें स्मरतें. निविदा कोणत्या दिवशीं, जमीन कोणत्या दिवशीं, हे दोन दिनांक शेजारीं ठेवले कीं पुष्कळसें काम होतें. मात्र या अहवालाचा एक दोष सांगितला पाहिजे. त्यांत खातें असतें, कार्यालय असतें, माणूस नसतो. जुन्या कागदावर शिक्का व शेरा पाहून कर्ता ओळखतां येतो. येथें ‘सक्षम प्राधिकारी’ या शब्दाआड तो लपतो.

म्हणूनच तिसऱ्या कागदाचें महत्त्व. लेखापरीक्षणाचा अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातो. समितीनें सचिवांस बोलावून साक्ष घ्यावी, शिफारस करावी, आणि खात्यानें काय केलें तें पुन्हां विचारावें, असा क्रम आहे. हा आमच्या काळचा महजर होय. दुर्दैवानें आक्षेपांवरील खुलासे वेळेवर येत नाहींत, अनेक परिच्छेद चर्चेवांचून राहतात, आणि चर्चा होते तोंवर संबंधित अधिकारी निवृत्त झालेला असतो. पंचांच्या सह्या न झालेल्या महजरानें वतनाचा तंटा तुटत नसे. अहवालाचेंही तसेंच आहे.

पैनगंगेचें धरण मंजुरीनंतर २५ वर्षांनीं, २०२२ सालींही, पुरें झालें नव्हतें. कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा कापूस-शेतकरी या तीन कागदांपैकीं एकही वाचीत नाहीं. परंतु त्याच्या शेतांत पाणी येणें न येणें त्यांच्या वाचनावर अवलंबून आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, जुन्या सनदांबरोबर निविदांच्या जाहिराती, मूळ व सुधारित अंदाजपत्रकें आणि समितीचे अहवालही तारीखवार जपून ठेवावेत. उद्यां साक्ष घेणारा जागा होईल तेव्हां त्याच्या हातीं अस्सल असावें, केवळ बखर नसावी. इत्यलम्.