पुढच्यांना जाऊ द्या

कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून कॅरिबूचे मुंडके आहे. आपण ते पार्किंगच्या यंत्रात टाकतो आणि विसरतो. मंडळाच्या गप्पांत या प्राण्याचा विषय कधी निघाल्याचे मला तरी आठवत नाही. मराठीत त्याला नावही नाही. युरोपातला रेनडिअर आणि हा एकाच जातीचे. हरणांच्या कुळात माद्यांनाही शिंगे असणारी ही एकच जात. उत्तरेकडच्या टुंड्रात हजारोंच्या कळपाने तो दरवर्षी शेकडो किलोमीटर चालतो, आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे पोट त्याच्यावर चालत आले आहे.

मला लिहायचे आहे ते मात्र कॅरिबूवरच्या एका शोधनिबंधाबद्दल. ई. पडिला आणि गॅरी कोफिनास यांचा हा निबंध २०१४ साली ‘इकॉलॉजी अँड सोसायटी’ या नियतकालिकात आला. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, डॉक्टरेट इंजिनिअरिंगची. वन्यप्राण्यांशी संबंध शून्य. तरी निबंध दोनदा वाचला, कारण त्यात जे फसले आहे ते आमच्या धंद्यात रोज फसते.

विषय असा. युकॉनमधले ग्विचिन लोक पॉर्क्युपाइन नावाच्या कळपावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. त्यांची एक जुनी शिकवण आहे: शरदात स्थलांतर सुरू होते तेव्हा पहिल्या टोळ्यांना त्रास द्यायचा नाही. पुढच्यांना जाऊ द्या. त्यांनी वाट धरली की मागचे त्याच वाटेने येतात. १९७९ साली पुरा झालेला डेम्प्स्टर हायवे या कळपाच्या मुलखातून जातो. पूर्वी जिथे पायी किंवा कुत्र्यांच्या गाडीने पोचावे लागे, तिथे आता पिकअप ट्रक जातो. तेव्हा वडीलधाऱ्यांच्याच मागणीवरून २००० साली ही शिकवण हायवेवरच्या शिकारीचा सरकारी नियम झाली. आणि तो प्रयोग फसला.

का फसला, हे लेखकांनी शिकारी, वडीलधारे आणि अधिकारी या सगळ्यांशी बोलून शोधले आहे. निबंधाचे बळ मला वाटते यात आहे, की त्यात खलनायक नाही. सरकारने ऐकले नाही, ही नेहमीची तक्रार इथे लागूच पडत नाही. सरकारने ऐकले, कायद्यात उतरवले, आणि घोटाळा तिथेच झाला. आता तुम्हीच हा नियम लिहायला बसा. ‘पुढचे’ म्हणजे कोण? वयस्क माद्या? पहिली टोळी, की पहिल्या दहा? त्या गेल्या, असे कोणी ठरवायचे, आणि कोणत्या खिंडीपाशी उभे राहून? शिकवणीला ही उत्तरे लिहून ठेवावी लागत नाहीत. ज्याच्याबरोबर पोरगा शिकारीला जातो तो काका त्या सकाळी वारा बघून, कळप बघून सांगतो. कायद्याला मात्र तारीख लागते, रस्त्याची हद्द लागते, दंडाची रक्कम लागते.

आमच्याकडे १९७० आणि ८० च्या दशकांत ‘एक्स्पर्ट सिस्टिम’ची लाट आली होती. डॉक्टरांना समोर बसवायचे आणि त्यांचे ज्ञान ‘जर-तर’च्या वाक्यांत उतरवून संगणकाला द्यायचे. स्टॅनफर्डच्या ‘मायसिन’मध्ये अशी सुमारे सहाशे वाक्ये होती. गाडी अडायची ती माणसाकडून ज्ञान काढून घेण्याच्या पायरीवर. तज्ज्ञ निर्णय बरोबर घेई, पण कसा घेतला म्हणून विचारले की अडखळे. आणि त्याने सांगितलेल्या एका ‘जर’च्या मागे न सांगितलेले दहा लपलेले असत. तो लपवत नसे. त्यालाच ते ठाऊक नसत.

म्हणूनच लेखकांशी माझे एका शब्दावरून पटत नाही. निबंधाच्या शीर्षकातच ‘अडथळे’ हा शब्द आहे. अडथळा म्हटला की तो बाजूला सारता येतो असे वाटू लागते: व्याख्या पक्की करा, चार बैठका घ्या, एकमत घडवा, की झाले. माझ्या मते परिस्थिती पाहून वळणे हाच त्या ज्ञानाचा गाभा आहे. तो काढून घेतला तर जे उरते ते ‘हायवेवर अमुक दिवस शिकार बंद’ एवढेच, आणि त्यासाठी वडीलधाऱ्यांना विचारायची गरजच नव्हती.

हीच गोष्ट मानववंशशास्त्रज्ञ पॉल नॅडॅस्डी यांनी आधी, आणि जास्त कडक शब्दांत मांडली आहे. त्यांचे ‘हंटर्स अँड ब्युरोक्रॅट्स’ हे पुस्तक २००३ चे. त्यात युकॉनमधल्याच क्लुआनी लोकांची आणि डॉल जातीच्या रानमेंढ्यांची हकिकत येते. शिकारी म्हणत होते, पूर्ण वळलेल्या शिंगांचे वयस्क मेंढे मारू नका, लहान मेंढे त्यांच्याकडून शिकतात. शिकारीचा नियम नेमका त्याच मेंढ्यांना मारायची मुभा देत होता. अधिकाऱ्यांना मेंढ्यांचा आकडा हवा होता. मेंढ्यांचे मास्तर त्यांच्या तक्त्यात कुठे बसवणार? नॅडॅस्डींच्या मते हा सत्तेचा प्रश्न आहे: ज्ञान आकड्यांत आणि नकाशावरच्या रेघांत बदलले की ते मूळ माणसांवाचून वापरता येते. पटते. पण ऑफिसात बसलेल्या अधिकाऱ्याने मग उद्या करावे काय, हे पुस्तक मिटल्यावरही कळत नाही.

आणि काहीतरी करणे भाग आहे. मोजणीवाल्यांना हसणे सोपे असते. १९८० च्या सुमारास हडसन बेच्या पश्चिमेचा कमानिर्जुआक कळप संपत आला, अशी हाकाटी झाली होती. शिकाऱ्यांना ते मान्य नव्हते, आणि पुढच्या मोजण्यांत कळप लाखाच्या वर निघाला. त्या वादातूनच १९८२ साली शिकारी आणि सरकार यांचे संयुक्त मंडळ उभे राहिले. पण प्रत्येक वेळी असे सुखाचे उत्तर निघत नाही. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधला बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० होता. २०१८ च्या मोजणीत ८,२०० च्या आसपास उरला. पॉर्क्युपाइन कळपाचे बरे आहे, २०१७ मध्ये तो २,१८,००० भरला. बाथर्स्टवाल्यांना चुकायला जागा उरलेली नाही. तिथे २०१५ पासून शिकार बंद आहे, म्हणजे एका पिढीतली मुले या कळपाच्या शिकारीला न जाताच मोठी होत आहेत.

त्याच कळपासाठी ट्लिचो लोकांनी २०१६ पासून जे चालवले आहे ते मला या सगळ्या वादापेक्षा मोलाचे वाटते. दर उन्हाळ्यात त्यांची माणसे कॉन्टवॉइटो सरोवराच्या भागात तंबू टाकतात, कळपामागे चालतात, टेकडीवर बसून तासन्‌तास बघतात: पिल्ले किती, लांडगे कुठे, चारा कसा आहे, हिऱ्यांच्या खाणींकडच्या बाजूला कळप कसा वागतो. टिपणे तेच करतात, अर्थही तेच लावतात. इथे ज्ञान कोणाकडून काढून घ्यायचे नसते. ज्याचे आहे तोच संशोधक असतो. अर्थात यातूनही सरकारला शेवटी एखादा नियम लिहावाच लागेल, आणि पडिला-कोफिनास यांचे प्रश्न तेव्हा पुन्हा समोर येतील.

निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतो. गणिताला घाबरून सोडू नका; मुख्य मजकूर माणसांच्या बोलण्यातून उभा राहिला आहे.